दक्षिणेची वेस

मला एका जागी बसवत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हाही खुर्ची नुसती शोभेला. मी आपली वर्गभर येरझाऱ्या घालत असायची. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." लग्न मोडलं तेव्हाही पाहुण्यांनी हेच कारण सांगितलं म्हणे, की पोरगी बोलता बोलता तीनदा उठली. उठले असेन. पण लहानपणी मी अशी नव्हते हो. ही सवय मला लागली ती बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला, कबरस्तानात, उजाडताना.

आम्ही जालन्याचे ख्रिस्ती. जालना तेव्हा औरंगाबादेतून फुटून नुकताच स्वतःचा जिल्हा झाला होता, आणि लोक पत्ता सांगताना 'जिल्हा जालना' असं जरा छाती काढून सांगायचे. बाबा मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. डॉक्टर आणि नर्सबाईंना जीपमध्ये घालून खेड्यापाड्यांत न्यायचे. आष्टीच्या बाजाराच्या दिवशी आष्टी, मग घनसावंगी, मग गोदावरीच्या काठानं शहागडपर्यंत. बाबांनी रस्ता कुणाला विचारलेला मी आयुष्यात पाहिला नाही. पाटी नसलेला फाटा आला की क्षणभर थांबायचे, खिडकीतून मान बाहेर काढून आभाळाकडं बघायचे आणि गाडी वळवायचे. डॉक्टर म्हणायचे, "अरे, त्या माणसाला विचार तर खरं." बाबा म्हणायचे, "कशाला साहेब? दिशा बराबर हाय." आणि ती बराबरच असायची. या गोष्टीचा त्यांना इतका तोरा होता की आईला कधी कधी वाटायचं, हा माणूस एकदा तरी चुकावा.

आईचा तोरा वेगळा. तिला स्वर्गीय नगरी तोंडपाठ होती. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अगदी शेवटी त्या नगरीचं सगळं मोजमाप दिलं आहे. चौकोनी नगरी, जितकी लांब तितकी रुंद, आणि तितकीच उंच. चारी बाजूंना तीन तीन वेशी, एकेक वेस एकेका मोत्याची. रस्ता सोन्याचा, पण काचेसारखा नितळ. तिथं रात्र नाही, म्हणून वेशी कधी लावतच नाहीत. रडणं नाही, मरणं नाही. आई संध्याकाळी सुपात तूर निवडता निवडता हे सांगायची, शेजारची पाटलीण काकू तिच्या माहेराचं सांगायची ना, अगदी तसं. वेस म्हटली की आम्हा भावंडांना जुन्या जालन्यातली वेसच दिसायची, खाली केळीवाले बसतात ती. मी एकदा विचारलं, तशीच असते का? आई म्हणाली, "तशीच. पण मोत्याची. आन् खाली केळीची सालं न्हाईत."

बाबा जीपची किल्ली खुंटीला अडकवता अडकवता तिला छेडायचे. "काचेसारखा रस्ता? अगं, टायर घसरन की!"

"तिथं जीप नसती."

"मंग मी तिथं जाऊन करू काय?"

"बसा गप. देवाच्या गोष्टीत तुमचं डिझेल नका ओतू."

असं चालायचं. बाबा हसायचे, पण रविवारी चर्चमध्ये तो उतारा वाचला गेला की डोळे मिटून ऐकायचे. त्यांना ते खरं वाटायचं की नाही, मी कधी विचारलं नाही. तेव्हा विचारायची गरज पडली नव्हती.

आमच्या कबरस्तानाचा एक रिवाज आहे, तो इथंच सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्यात मयताचे पाय पूर्वेला करतात आणि डोकं पश्चिमेला. प्रभू परत येणार तो पूर्वेकडून, आणि नगरीही तिकडूनच उतरणार, असं जुनी माणसं मानत आली. शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की जो तो आपापल्या जागी उठून बसणार, आणि उठल्याबरोबर समोर नगरी. वळायचं नाही, शोधायचं नाही. डोक्याशी क्रूस लावतात, त्याचं तोंडही पूर्वेला. कधीही जा, सगळी मंडळी आपली एका दिशेला तोंड करून निजलेली, चर्चच्या बाकांवर बसतात तशी.

बाबा गेले ते मे महिन्यात, शहागडला. टायर बदलता बदलता बसले ते उठलेच नाहीत. दुपारी त्यांना त्यांच्याच जीपमधून घरी आणलं, दुसऱ्याच कुणीतरी चालवत. जालन्यातला मे म्हणजे भट्टी. मयत ठेवता येत नाही. दिवस मावळायच्या आत माती द्यायचं ठरलं, आणि तेव्हा कळलं की आमचा कबर खोदणारा माणूस लग्नाला आष्टीला गेल्ता. आता आली का पंचाईत! तेवढ्यात चाचा पुढं झाले.

चाचा म्हणजे बाबांचे जिवलग. मुसलमानांच्या कबरस्तानात कबरी खोदणं हेच त्यांचं काम. दर रविवारी दुपारी ते आणि बाबा जीपखाली शेजारी शेजारी उताणे पडून काहीतरी खोलत-जोडत बसायचे. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. आईला म्हणाले, "भाभी, मेरे यार की है. मैंच खोदता." आणि फावडं घेऊन गेले. मुरमाड जमीन, वर तसलं ऊन, कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी. आम्ही पेटी घेऊन पोचलो तेव्हा कबर तयार होती, कडा एकदम सरळ, तळ सारवल्यासारखा. मोठी वावटळ सुटली होती, डोळे उघडवत नव्हते. म्हाताऱ्या पास्टरांना तसंही कमीच दिसायचं. चाचांनी हातानं दाखवलं, सर इधर, म्हणजे डोकं इकडं, आणि माझ्या धाकट्या भावानं, तेव्हा तो कॉलेजात होता, बाबांच्या डोक्याकडचं टोक तिकडं धरलं. प्रार्थना झाली, मूठमूठ माती झाली, आम्ही रडत घरी आलो.

मग पाऊस झाला, माती बसली, वर गवत माजून सगळं सपाट दिसायला लागलं, थंडी गेली. आमच्यात एक पावसाळा जाऊ देऊन मग क्रूस लावतात, म्हणजे तो कलत नाही. ईस्टरच्या आठवड्यात गवंड्यानं चाचांना डोक्याची बाजू विचारून बाबांचा क्रूस लावला. आणि ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळी मंडळी नेहमीसारखी कबरस्तानात जमलो. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावली, मोगरा वाहिला आणि पूर्वेकडं तोंड करून गाणी सुरू झाली. सूर्य वर आला. सगळ्या क्रुसांच्या लांब लांब सावल्या मागं पडल्या, दोन्ही हात पसरलेल्या. बाबांच्या क्रुसाची सावली मात्र नुसती काठी.

आईनं ती पाहिली. गाता गाता तिचा आवाज थांबला. तिनं सावलीकडं पाहिलं, मग क्रुसाकडं, मग शेजारच्या कबरीकडं, आणि माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. "आगं, हे आडवे हायत."

चाचांच्या हाताला जन्मभराची जी सवय, तीच त्या दिवशी चालली होती. त्यांच्यात डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. त्यांनी जीव लावून, घाम गाळून, आपल्या दोस्ताची कबर आपल्या रीतीनं उत्तम खोदली होती. कुणाचं लक्ष गेलं नाही. जो माणूस जन्मात रस्ता चुकला नाही, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून चुकीच्या तोंडानं निजवलं.

घरी आल्यावर आईनं आम्हा दोघांना समोर बसवलं. "एक ध्यानात ठेवा. चाचाला सांगायचं न्हाई. त्याचा जीव जाईल." एवढं बोलून मग ती रडली. पुढं कितीतरी वर्षं चाचा ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, आमच्या ओट्यावर बसून बाबांच्या आठवणी काढायचे, आणि आई त्यांना पाणी देताना त्या गोष्टीचं एका शब्दानंही बोलली नाही. मला मात्र तोंडावर हात ठेवून आत पळावं लागायचं.

आई म्हाताऱ्या पास्टरांकडं गेली. बाबांना सरळ करा म्हणाली. पास्टर म्हणाले, बाई, कबर उकरायची म्हणजे कलेक्टर कचेरीची परवानगी, पोलीस, पंचनामा; आणि लोक काय म्हणतील? मग तिला समजावत म्हणाले, अहो, देवाला दिशा असते का? आई घरी येऊन भांडी आपटत म्हणाली, "दिशा न्हाई तर मंग बारा वेशी कशाला केल्या त्यानं?" शेजारच्या पाटलीण काकूंनी धीर द्यायला सांगितलं की आमच्यात तर दक्षिणेकडंच पाय करतात, त्यात काय वाईट? आईनं त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, "तिचं तिच्या जागी बराबर हाय. पण ह्यांना उठून जायचंय कुठं, ते तिला काय ठाऊक!"

त्याच वर्षी तिनं भावाला पास्टर व्हायला पाठवायचं काढलं. चर्चच्या मंडळीत कौतुक झालं. विधवेनं एकुलता एक मुलगा देवाच्या कामाला दिला म्हणून लोकांनी तिच्या गळ्यात हार घातला. तिच्या मनात काय होतं ते आम्हा तिघांनाच ठाऊक. पास्टर झाला म्हणजे अधिकार येईल. अधिकार आला म्हणजे तो बापाला सरळ करील. भाऊ बिचारा कॉमर्स अर्ध्यात सोडून सेमिनरीत गेला. एस.टी.च्या खिडकीतून हात हलवत होता आणि आई खालून ओरडून राह्यली होती, "नीट शिक! सगळं शिक!"

सगळंच शिकून आला तो. हाय-न्हाई सोडून आहे-नाही बोलायला लागला. आधी काही वर्षं खेड्यांवर होता, मग फिरून फिरून आमच्याच चर्चवर त्याची बदली झाली. पहिल्याच रविवारी, उपासना झाल्यावर, आईनं त्याला वाढलं, जेवू दिलं, हात धुऊ दिले आणि म्हणाली, "आता तूच मालक. बापाला सरळ कर."

तो किती वेळ टॉवेलला हात पुसत राहिला! मग म्हणाला, "आई, ती नगरी म्हणजे खरंखुरं शहर नाही. ते प्रतीक आहे. नगरी म्हणजे आपण, सगळे विश्वासणारे. मोजमापं म्हणजे परिपूर्णता. मोती शिंपल्याच्या दुखण्यातून तयार होतो, म्हणून वेस मोत्याची. दुःखातून आत जायचं, असा त्याचा अर्थ. तिथं पूर्व-पश्चिम काही नाही."

मला ते ऐकून खरं सांगायचं तर बरं वाटलं. मोत्याचं तर फारच आवडलं. पण आईचा चेहरा बघवेना.

"मंग तुझा बाप कुठं हाय?" ती म्हणाली. "प्रतीकात राहून राह्यला का?"

"आई, तो देवापाशी आहे."

"ते मलाबी ठाऊक हाय. कुठं? कोण्या जागी? मी गेल्यावर कुठं जायचं? मला पत्ता सांग."

तो अजून काही बोलत राहिला, ग्रीक का हिब्रू शब्द सांगत राहिला, आणि आई उठून गेली. पुढं एकदा त्यानं याच विषयावर उपदेश केला, फार चांगला केला, कॉलेजची पोरंसुद्धा ऐकत होती. आई मधेच उठली, पदर सावरला आणि सगळ्या मंडळीदेखत बाहेर निघून गेली. भाऊ वाक्य अर्धं सोडून दाराकडं बघत राहिला. त्या दिवसापासून तिचं त्याच्याशी बोलणं बंद. स्वयंपाक करायची, त्याच्या आवडीचं करायची, पण बोलणं माझ्यामार्फत. तो समोर जेवत बसलेला असताना मला म्हणायची, "तुझ्या पास्टरला इचार, पोळी वाढू का?"

मी घनसावंगीच्या शाळेत होते तेव्हा. रोज वडापच्या जीपनं जाणं-येणं. पंधरा माणसांत कोंबलेली मी सकाळी जाताना आईच्या बाजूची असायची. पत्ता तर हवाच ना! माणूस जातो म्हणजे कुठंतरी जातो. कुठंच नाही जात, नुसता अर्थ होऊन बसतो, हे काय बोलणं झालं? संध्याकाळी येताना मला भावाचं पटायचं. एवढी मोठी चौकोनी पेटी आभाळातून उतरणार, कुणाच्या शेतात टेकणार? मी स्वतःशीच भांडत असायची, ओठ हलायचे, आणि शेजारची बाई सरकून बसायची. एकदा वाटायचं, दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी. एकदा वाटायचं, आपणच रविवारी सकाळी कुदळ घेऊन जावं. झोप लागायची नाही. मी त्या दोघांवर इतकी चिडलेली असायची की चहासुद्धा उभ्यानं प्यायची.

एकदा भाऊ माझ्याबरोबर घनसावंगीला निघाला, तिकडं कुणाच्या तरी घरी प्रार्थना होती. वाटेत जीप पंक्चर झाली. आम्ही उसाच्या कडेला उभे राहिलो. ड्रायव्हर चाकाशी बसला होता, आणि आम्ही दोघंही तिकडं बघायचं टाळत होतो. टायर बदलणारा माणूस आम्हाला बघवत नाही. मी त्याच्यावर घसरले. म्हटलं, "तुला काय जातं रे? तिच्या समाधानासाठी म्हण की नगरी खरी हाय. म्हाताऱ्या माणसाला काय प्रतीक सांगतोस?"

त्यानं चष्मा काढला. "ताई, डोक्याकडचं टोक मी धरलं होतं."

"मंग?"

"नगरी खरी धरली, तर बाबा चुकीच्या तोंडानं आहेत आणि तसं त्यांना मी ठेवलंय. पेटी खाली सोडताना दोरी माझ्या हातात होती." मग त्याच्या तोंडून जुनी बोली निघाली. "मला ते खरं धरताच येत न्हाई, ताई. खरं धरलं तर मी जगू कसा?"

मी डोक्यावर हात मारून घेतला. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा पुस्तकं वाचून शहाणा झाला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर तो लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता, हुंदके देत होता. ड्रायव्हरनं हाक मारली, "चला पास्टर साहेब, जल्दी बसा," आणि आम्ही त्या पंधरा जणांत पुन्हा कोंबून बसलो. आईला मी हे सांगितलं नाही. त्यानं 'सांगू नको' म्हटलं नव्हतं, तरी नाही सांगितलं. मला वाटतं तिला आईपणानं कळलंच होतं, कारण त्यानंतरच्या हिवाळ्यात ती स्वतःच त्याच्याशी बोलायला लागली. पोळी वाढू का, हे त्यालाच विचारायला लागली. पण बाबांचं तिनं सोडलं नव्हतं.

ती आजारी पडली तेव्हा नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कबरस्तानाच्या शेजारी मोबाईलचा टॉवर आला होता. नाताळ जवळ आला होता, भावानं दारात कागदाचा तारा लावला होता. आईच्या पायांना सूज, श्वास लागायचा, उशा लावून बसवून ठेवलं होतं. एका दुपारी तिनं दोघांना बोलावलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा सरळ कर म्हणणार, आणि हा पुन्हा ग्रीक काढणार. मी आधीच उठून उभी राहिले.

"बस गं जरा," ती म्हणाली. "हे बघा. त्यांना आता हलवायचं न्हाई. इतकी वर्षं झाली, आता त्यांची हाडं कशाला उसकायची. अन् चाचाबी अजून हाय. त्याच्या डोळ्यादेखत नको." मग जरा दम घेऊन म्हणाली, "मला त्यांच्यासारखंच ठिवा. आडवं."

भावाला कळेचना. "आई, तू तर... तुला पूर्वेकडं..."

"मला समोर नगरी दिसन आन् हे तिकडं तोंड करून उठतील, त्याचं काय? तू तुझ्या बापाला वळखत न्हाईस का? उठल्याबरोबर आभाळाकडं बघतील आन् नाकासमोर चालायला लागतील, दिशा बराबर हाय म्हणत. रस्ता कुणाला इचारणार न्हाईत. जन्मात इचारला न्हाई, तिथं इचारतील? अन् एवढी सगळी दुनिया उठलेली. त्या गर्दीत मी कुठं शोधू?" तिनं पदर सारखा केला. "त्यांच्या बाजूलाच उठन मी. मी इचारन. इचारत इचारत जाऊ दोघं."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू आलं. जन्मभर जिनं त्या नगरीसाठी लेकराशी, पास्टराशी, साऱ्या मंडळीशी भांडण घेतलं, तिनंच आता नगरीकडं पाठ नसली तरी बाजू करायचं ठरवलं होतं, एका हट्टी ड्रायव्हरसाठी. भाऊ तिचे पाय चेपत बसला.

नाताळनंतर ती गेली. दुपारी आम्ही कबरस्तानात जागा दाखवायला गेलो. बाबांच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली होतीच. आमच्या माणसानं रिवाजाप्रमाणे पूर्व-पश्चिम दोरी लावली. मी भावाकडं बघितलं. त्यानं मान वळवली. मी म्हटलं, "सांग ना."

त्यानं सांगितलं, आणि मंडळीचे खजिनदार काका चमकले. भले माणूस, पण नेमाला पक्के. "पास्टर साहेब, हे कसं चालेल? एक कबर चुकून झाली, ती झाली. आता आपण ठरवून करायची? आपला रिवाज हाय. उद्या कुणीबी म्हणन, मला असं ठिवा, मला तसं ठिवा." बाकीचेही पुटपुटायला लागले. आणि भाऊ, तिथं पूर्व-पश्चिम काही नाही म्हणणारा माझा भाऊ, खाली मान घालून म्हणाला, "ताई, मंडळीचं मन मोडणं..."

माझं डोकंच फिरलं. मयताच्या घरच्या बाईनं असं बोलू नये, पण मी बोलले. "का रे? सगळं प्रतीकच हाय ना? मंग प्रतीकाला उत्तर काय आन् दक्षिण काय! आईनं खरं धरलं होतं, तरी तिनं पूर्व सोडली. तू तर खरं धरतच न्हाईस, मंग तुझा पाय कशात अडकून राह्यलाय?" मी ओरडत होते. टॉवरवरचे कावळे उडाले. "बाबांच्या वेळी चुकून झालं असं म्हणत बसलास जन्मभर. आता डोळे उघडे ठेवून कर."

भावानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग वाकला, खुंट्या उपटल्या, दोरी गोळा केली आणि बाबांच्या क्रुसाला धरून उत्तर-दक्षिण लावली. त्यानं स्वतः पहिली कुदळ घातली. तेवढ्यात चाचा फाटकातून आत आले, आता अगदी वाकलेले, काठी टेकत. ते बाबांच्या कबरीशी उभे राहून दोरीकडं बघत होते. मला वाटलं, आता यांना कळतंय. त्यांनी काठीनं उत्तरेची बाजू दाखवली आणि मान हलवली. "हौ. बराबर. सर इधर." त्यांना काही कळलं नव्हतं. मी त्यांना बसायला दगड दिला.

दिवस कलताना आईला खाली सोडली. डोक्याकडचं टोक भावानंच धरलं. उपासनेतलं सगळं त्यानं नीट वाचलं, त्याच्या त्या पुस्तकी, शुद्ध मराठीत, आवाज कुठं हलला नाही. नगरीचा उतारा आला, मोजमापं आली, वेशी आल्या. मग त्यानं पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता आशीर्वाद म्हणेल. पण तो कबरीच्या कडेला गुडघ्यांवर बसला, मुठीत माती घेतली आणि खाली वाकून बोलला. मंडळीशी नव्हे, तिच्याशी.

"आई, दक्षिणेकडंबी तीन वेशी हायत. समोरच दिसतील. बाबांचा हात सोडू नको." त्यानं माती टाकली. "न्हाईच सापडलं, तर इचार."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो तिची समजूत काढत नव्हता. तो तिला रस्ता सांगत होता. मी त्याच्या शेजारी मातीत बसले आणि सगळे उठून गेले तरी तिथंच बसून होते.